कच्ची वीट की भाजकी?

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या शेतात दोन खोल्या काढायच्या आहेत, कच्च्या विटांत बांधू की भाजक्या, असं आमच्या एका पाव्हण्यांनी विचारलंय.

खर्चात कच्ची वीट स्वस्त, पण माती रानातलीच असेल तर. निव्वळ काळी माती चालत नाही. वाळताना आकसते, तडकते. तिच्यात वाळू मिसळून चिकणमाती साधारण 15 ते 30 टक्क्यांवर आणायची, शिवाय त्यातच गव्हाचा भुसा. साच्यातून काढलेली वीट कडेवर उभी करून पुरती वाळायला तीन-चार आठवडे जातात, म्हणजे काम उन्हाळ्यातच. घरची माणसं राबणार नसतील तर बचत मजुरीतच गेली म्हणा.

पाण्यापुढे भाजकी वीट सरस, यात वादच नाही. कच्च्या भिंतीला दीड-दोन फूट दगडी जोतं, रुंद वळचण आणि वेळोवेळी लिंपण हवंच. सिमेंटचा गिलावा मात्र नको, आत ओल कोंडते.

गारवा जाड मातीच्या भिंतीचाच.

अथणीच्या कमी पावसात, एकमजली, स्वतः राहायला कच्ची वीट घ्या. त्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या जास्त पावसाच्या जंगलपट्टीत किंवा वर मजला चढवायचा असेल तर भाजकी. भाड्याच्या खोल्यांनाही भाजकीच. भाडेकरू कुठला लिंपण करतोय!