मुलांच्या हॉस्पिटलात हात पुसायला सोलापुरी टेरी नॅपकिन, आमचा अनुभव

सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहितीयेत, दोन्हींना जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन पण आहे, पण हॉस्पिटलच्या वापराला इथला माल कसा पडतो यावर कुणी लिहिलेलं मला दिसलं नाही म्हणून लिहितेय. मी इथल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. वस्तू एकदम साधी आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका युनिटकडून बनवून घेतलेले १२ बाय १२ इंची पांढरे टेरी (टॉवेलसारख्या लूपच्या कापडाचे) नॅपकिन, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) आणि पीआयसीयूच्या (मोठ्या मुलांचं आयसीयू) सिंकजवळ हात पुसायला. एकदा हात पुसला की नॅपकिन थेट धुवायला. युनिटचं नाव मुद्दाम टाकत नाही, असा माल तिथं बरेच जण काढतात आणि मला वस्तूबद्दलच बोलायचंय.

हे लागलंच का ते आधी सांगते. हात धुण्यावर सगळे बोलतात, साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हाताला चोळायच्या सॅनिटायझरने) २० ते ३० सेकंद, पाच मोमेंट्स म्हणजे हात कधी स्वच्छ करायचे ते पाच प्रसंग, पोस्टर सगळीकडे लागलेत, स्टाफला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण धुतलेला हात पुसायचा कशाने? ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा कितीतरी जास्त पसरतात, आणि ओल्या हातावर हँडरब घेतला तर तो पातळ होतो, म्हणजे धुतलेलं पण गेलं आणि चोळलेलं पण गेलं. डब्ल्यूएचओच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की टॉवेल एकापेक्षा जास्त जणांनी किंवा परत परत वापरायचा नाही. आणि प्रत्यक्षात बऱ्याच हॉस्पिटलांत, क्लिनिकमध्ये काय असतं तर सिंकच्या बाजूला खिळ्याला एक टॉवेल, सकाळपासून येईल त्याने पुसलेला, संध्याकाळपर्यंत कधी वाळतच नाही. त्याला हात पुसून सिस्टर किलोभराच्या आतल्या बाळाच्या लाइनला (शिरेत घातलेल्या नळीला) हात लावणार. हे बघून माझा जीव वरखाली होतो, खरंच. त्या बाळाची कातडी कागदासारखी असते, प्रतिकारशक्ती नावालाच, क्लेबसिएला नाहीतर असिनेटोबॅक्टरसारखा हॉस्पिटलातला जंतू रक्तात शिरला तर आपल्याकडची निम्मी अँटिबायोटिक्स चालत नाहीत.

कागदी टिश्यू उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण एनआयसीयूत हात इतक्या वेळा धुतले जातात की बिल बघून अकाउंट्सवाले बसूच देत नाहीत, मग स्टोअरमधून टिश्यू जपून द्यायला लागतात, आणि जपून दिले की परत तो खिळ्यावरचा टॉवेल येतो. गरम हवेचा ड्रायर एनआयसीयूत चालत नाही, त्याचा आवाज बाळांना त्रास देतो आणि वेळ लागतो म्हणून कुणी पूर्ण हात वाळवतही नाही. म्हणून नॅपकिन.

सगळ्यात मोठा फरक बाळांच्या आईंमध्ये दिसला. कांगारू केअरला (बाळाला उघड्या छातीशी धरायला) येणारी आई, अक्कलकोटची, मंगळवेढ्याची, कधी कलबुर्गीकडची, सिस्टरने शिकवलंय तसं कोपरापर्यंत मन लावून धुते, घड्याळाकडे बघत धुते, आणि मग सवयीने हात पदराला जातो. तो पदर एसटीतून आलेला, बाहेरच्या बाकावर बसलेला. आता सिंकशेजारी झाकणाच्या डब्यात घड्या ठेवलेल्या असतात आणि मावशी म्हणतात, "ताई, पदराला नको, ह्यातला एक घ्या, पुसून त्या खालच्या बकेटमध्ये टाका." एवढंच. सोलापूरच्या पूर्वभागातली, विणकरांच्या वस्तीतली एक आई तर नॅपकिन हातात घेऊन उलटासुलटा करून बघत होती, म्हणाली आमच्या घरचे लूमवरच आहेत, हा तिकडचाच माल दिसतोय. मला इतकं बरं वाटलं ना. आता हात कशाने पुसतात हे पण मी हँड हायजीनच्या ऑडिटमध्ये लिहिते, आणि पदर जवळपास बंद झालाय. नॅपकिनमुळे इन्फेक्शन इतकं कमी झालं असा दावा मी करणार नाही, एका वस्तूने तसं होत नसतं, पण हात कोरडा होऊन बाळापर्यंत जातोय हे मी रोज राउंडला बघते.

आता मालाबद्दल. आम्ही मुद्दाम पातळ घेतला, ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपास. दुकानात जाड मऊ गुबगुबीत टॉवेल दाखवतात, भेट द्यायला तो छान, पण हॉस्पिटलात जाड टॉवेल वाळायला वेळ लागतो आणि ड्रायरमध्ये घातला तर मधला भाग दमट राहतो. पूर्ण सुती, पाणी चांगलं ओढतो, शिलाई घट्ट आहे, उकळत्या धुण्यात अजून उसवली नाही. नाव विणून पण देतात, पांढऱ्यावर पांढऱ्याने घेतलं, वॉर्डातून नॅपकिन गायब व्हायचं प्रमाण त्याने कमी झालं.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. पहिल्या काही धुण्यांत लव फार सुटते, ती बाळाच्या कॅन्युलाच्या (सलाइनच्या सुईच्या) टेपला चिकटलेली मला चालत नाही, त्यामुळे नवा माल चार-पाचदा धुतल्याशिवाय वॉर्डात सोडूच नका. दुसरं म्हणजे सॉफ्टनर. माल दिसायला मऊ लागावा म्हणून शेवटी सिलिकॉनचं फिनिश देतात, त्याने पाणी वरच थांबतं, हात पुसला तरी ओला. नॅपकिनवर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच आत गेला तर घ्या, गोळी होऊन बसला तर परत करा. पहिल्या लॉटमध्ये बॉर्डरला निळा धागा दिला होता, क्लोरीनमध्ये दोन धुण्यांत डागाळला, शिवाय बॉर्डर आक्रसून कडा वळल्या. त्यांना सांगितल्यावर पुढचा लॉट बिनबॉर्डरचा करून दिला आणि बोलणं पण नीट होतं, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. आणि लूप ओढले जातात, बीपी कफचं (रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचं) वेल्क्रो बरोबर धुतलं की धागे निघालेच, वेगळं धुवा.

पण खरं सांगू का, हा नॅपकिन घेण्यापेक्षा धुणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि तिथं कंजूसपणा करणार असाल तर घेऊच नका. सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) सांगतं गरम पाण्यात धुवायचं तर किमान ७१ डिग्रीला २५ मिनिटं. नुसतं कोमट पाणी आणि पावडर याला धुणं म्हणत नाहीत. जपानमध्ये २००६ साली एका हॉस्पिटलात परत वापरल्या जाणाऱ्या टॉवेलांमधून बॅसिलस सिरियस नावाचा जंतू पेशंटच्या रक्तापर्यंत पोचला होता, त्याचे स्पोर (कडक कवचातले बीजाणू) उष्णतेला आणि क्लोरीनला सहज दाद देत नाहीत, म्हणून भरपूर पाण्यात खळबळणं आणि पूर्ण वाळवणं दोन्ही लागतं. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला २००८-०९ मध्ये मुलांच्याच हॉस्पिटलात म्युकर झालं, पाच मुलं गेली, आणि तपासात बोट आलं ते हॉस्पिटलच्या चादरी-कपड्यांवर, धुतलेलं कापड नेताना-ठेवताना खराब झालेलं. हे वाचल्यापासून मी लाँड्रीची ट्रॉली झाकलेली नसली तर परत पाठवते, कुणाला राग आला तरी चालेल. गच्चीवर वाळवायचा मोह आपल्याकडे फार, मे महिन्यात तासाभरात कडक वाळतं, पण धूळ आणि कबुतरं बघा की वर, ड्रायरच वापरा. बोअरचं जड पाणी असेल तर नॅपकिन पत्र्यासारखा होतो आणि पाणी ओढायचा बंद होतो, धुण्याला मऊ केलेलं पाणी लागेल, हा खर्च आधीच धरा.

पाचपैकी चार स्टार देते, एक लवेचा आणि सॉफ्टनरचा कापला. भाव लिहीत नाही, सुताच्या दराप्रमाणे बदलतो. किती घ्यायचे तर एका दिवसाला लागतात त्याच्या निदान तिप्पट, एक हिस्सा वापरात, एक लाँड्रीत, एक कपाटात, नाहीतर लाइट गेली की पंचाईत. ऑर्डर देताना बिनबॉर्डर, बिनसॉफ्टनर, पूर्ण सुती असं कागदावर लिहून द्या आणि आधी डझनभर सँपल मागून तुमच्याच लाँड्रीत धुवून बघा. नाव विणून हवं असेल तर कमीत कमी किती नग लागतील ते आधी विचारा, छोट्या हॉस्पिटलांनी दोघा-तिघांनी मिळून ऑर्डर दिली तरी चालते, फक्त मग नाव विणायचं सोडा.