संत्र्याला यमक मिळतं, तेव्हा: ‘मंकी आयलंड’बरोबर आठ महिने

‘मंकी आयलंड’ या समुद्री चाच्यांच्या कॉम्प्युटर गेम मालिकेचा सर्वांत चांगला भाग कोणता, यावर चाहत्यांची भांडणं तीस वर्षं चालू आहेत. निकाल मात्र बहुतेक वेळा ठरलेला असतो. दुसरा भाग पहिल्या नंबरावर, पहिला दुसऱ्या, तिसऱ्याचं जरा हात राखून कौतुक आणि चौथ्याला शिव्या. माझा हॉस्टेलमधला रूममेट याच पंथातला. मीही इतकी वर्षं त्याच्या हो ला हो करत आलो, कारण खरं सांगायचं तर मी एकही भाग पूर्ण खेळलेलो नव्हतो.

तसा प्रयत्न केला होता. २००१ साली स्टेशनजवळच्या एका दुकानातून तिसऱ्या भागाची सीडी आणली होती. चाच्यांचा गेम, तोही चोरून कॉपी केलेला, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं. मूळ गेम दोन सीडींचा होता आणि मला मिळाली होती एक. ऐन रंगात आल्यावर त्याने दुसरी सीडी मागितली. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, “एकच येते.” विषय संपला.

गेल्या जूनमध्ये सेलमध्ये सगळे सहा भाग घेतले, रीतसर पैसे मोजून. लॅपटॉप टीव्हीला जोडला. सहावीतली भाची शेजारच्याच इमारतीत राहते, ती पहिल्या संध्याकाळी सहज डोकावली आणि मग रोजचीच झाली. तिला इंग्रजी वाचता येतं, पण विनोद कळायच्या आत पात्रं पुढचं वाक्य बोलून मोकळी होतात. म्हणून मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचो. सोफ्यावर आई मेथी निवडत बसलेली असायची. तिचं लक्ष नाही असं आम्ही समजत होतो. तर हा अनुभव अशा तिघांचा आहे, आणि आमची मोजपट्टी एकच होती: मराठीत सांगितल्यावर काय उरतं?

पहिला भाग, ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’, १९९०चा. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या तिघांनी लिहिलेला. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक किडकिडीत पोरगा मेले आयलंडवर येतो आणि म्हणतो, मला चाचा व्हायचंय. त्यासाठी तीन परीक्षा: तलवारबाजी, चोरी आणि खजिना शोधणं. यातली तलवारबाजी म्हणजे या मालिकेचा मुकुटमणी. तलवार हातात असते, पण लढाई तोंडाने होते. समोरच्याने टोमणा मारला की त्याला शोभेल असं उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की मागे हटायचं आणि तो टोमणा लक्षात ठेवून पुढच्या माणसावर वापरून बघायचा. तो काय उत्तर देतो ते पाठ करायचं. असे वाटेतल्या चाच्यांशी भांडत हिंडायचं.

मी समजावत होतो तोवर आई मेथीतून मान वर न करता म्हणाली, “सवाल-जवाब आहेत की हे.” इतकी वर्षं मी या प्रकाराला ‘इन्सल्ट स्वोर्डफायटिंग’ म्हणत होतो. फडावर समोरासमोर उभे राहून एकमेकांची जिरवणं आपल्याकडे किती जुनं आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

सगळ्यात गाजलेला टोमणा असा: “तू गवळ्यासारखा लढतोस!” त्यावर उत्तर: “तरीच! तू गाईसारखा लढतोस.” मी जसंच्या तसं सांगितलं आणि कोणी हसलं नाही. आई म्हणाली, “गाईला काय झालं? गाय गरीब असते. तिथे म्हैस पाहिजे.” म्हैस केली. भाची इतकी हसली की पुढचे चार चाचे तिने एकटीनेच लोळवले.

पण खरी गंमत पुढे आहे. शेवटी तलवारबाईशी, म्हणजे कार्लाशी, गाठ पडते तेव्हा ती वेगळेच टोमणे मारते. तुमच्याकडे उत्तरं मात्र जुनीच असतात, त्यातलं कुठलं बसतं ते तुम्ही शोधायचं. ती म्हणते, तुझ्या रक्ताचा थेंब न् थेंब धार काढून घेईन. इंग्रजीत तिथे दूध काढण्याचं क्रियापद आहे. मराठीत ‘धार’ शब्द तोंडातून गेला आणि माझाच मी चपापलो, कारण धार म्हशीचीही असते आणि तलवारीचीही. भाचीने माझं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर निवडलं होतं. मुळापेक्षा आमची कोटी सरस झाली, असं मी रूममेटला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

या भागात तुम्ही मरत नाही. त्या काळातल्या बऱ्याच साहसी गेममध्ये पावलापावलाला मरण असायचं. गिल्बर्टला ते मान्य नव्हतं, १९८९मध्ये त्याने यावर एक लेखच लिहिला होता. त्यामुळे अडलात तर अडलात, जेवून या, गेम तिथेच असतो. एका ठिकाणी गायब्रश कड्यावरून पडतो, ‘आता संपलं’ अशी पाटीही येते आणि क्षणात तो उसळी मारून परत वर. खाली रबराचं झाड होतं म्हणे. खरं मरण एकच: समुद्राच्या तळाशी त्याला बांधून टाकतात तेव्हा. तो दहा मिनिटं श्वास रोखू शकतो अशी फुशारकी त्याने आधीच मारलेली असते. भाचीने मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावला आणि आम्ही खरंच थांबलो. दहा मिनिटं झाली, पठ्ठ्या मेला. जुन्या चित्रांच्या मोडमध्ये खालची ‘उचल’, ‘ढकल’ ही क्रियापदं जाऊन तिथे ‘तरंग’, ‘फूग’, ‘कूज’ असं आलं. आई म्हणाली, “दहा मिनिटं दूध बघत उभं राहायला सांगितलं तर राहत नाही ही.”

ग्रॉगचं कोडं सांगतो आणि पुढे जातो. हे पेय इतकं जहाल की पेला वितळतो. तुरुंगाच्या कुलपापर्यंत न्यायचं तर टेबलावरचे रिकामे पेले गोळा करायचे आणि चालताना एकातून दुसऱ्यात ओतत पळायचं. केरोसीन, बॅटरीतलं आम्ल, अ‍ॅसिटोन असला ऐवज त्याच्या कृतीत आहे. २००९मध्ये अर्जेंटिनातल्या एका वृत्तवाहिनीने ही कृती खरी समजून तरुणांमधलं नवं घातक पेय म्हणून बातमी दिली होती.

तक्रार एकच. २००९च्या स्पेशल एडिशनमध्ये नवी चित्रं आणि आवाज आहेत, पण गायब्रशचे केस असे केलेत की भाचीने पहिल्या दिवशी त्याचं नाव ‘झाडू’ ठेवलं. जुन्या चित्रांवर जाता येतं, पण मग आवाज बंद. दुसऱ्या भागाच्या स्पेशल एडिशनमध्ये ही चूक सुधारली आहे, तिथे जुनी चित्रं आणि आवाज दोन्ही एकत्र मिळतात.

तर दुसरा भाग. ‘लेचक्स रिव्हेंज’, १९९१. याच्याविरुद्ध बोलणं म्हणजे देवळात चपला घालून जाणं, याची कल्पना आहे. आधी चांगलं सांगतो. वुडटिक नावाचं गाव आहे, मोडक्या जहाजांवर वसलेलं. तिथे एका दारातून आत गेलात की चालू असलेल्या सुरावटीतच नवं वाद्य मिसळतं, बाहेर आलात की मूळ चाल परत, मध्ये कुठे सांधा दिसत नाही. यासाठी त्यांनी ‘आयम्यूज’ नावाची यंत्रणाच बनवली होती. मी नुसता आत-बाहेर करत बसायचो. भाची वैतागायची.

पण कोडी! धबधब्याजवळचा एक पंप बंद करायचा आहे. त्यासाठी पियानो वाजवणाऱ्या माकडाला मेट्रोनोमवर, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्रावर, केळं ठेवून भुलवायचं, माकड ताठ झालं की खिशात घालायचं आणि त्याचा पाना म्हणून वापर करायचा. का? तर इंग्रजीत एका पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. आम्ही इथे आठ दिवस अडलो. शेवटी रूममेटला विचारलं, त्याने मोठ्या आनंदाने सांगितलं. मी भाचीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “मामा, माकडपाना असं कोणी म्हणतं का?” नाही म्हणत. इंग्लंडमध्येही त्याला ‘स्पॅनर’ म्हणतात, म्हणजे तिथलेही अडलेच असणार. जे कोडं भाषेच्या बाहेर पाऊल टाकताच मरतं ते कोडं नव्हे, अडवणूक आहे. रूममेट म्हणतो, “तू भाषांतर करून खेळतोस हा गेमचा दोष नाही.” म्हणणं बरोबर आहे. पण त्या आठ दिवसांचं काय?

थुंकण्याच्या स्पर्धेपाशी आई उठून आत गेली. निळं आणि पिवळं पेय मिसळून हिरवं करायचं, नळीने ओढायचं, म्हणजे थुंकी घट्ट होते. मग वारा बघून थुंकायचं. माझ्या मते हे कोडं उत्तम आहे, मराठीत तर काही कमीच पडत नाही. आईला ते पटणार नाही. आणि शेवट? शेवटावरून चाहते एकमेकांची डोकी फोडतात. भाची म्हणाली, “बस? एवढंच?” आणि घरी गेली. नंतर कळलं की रात्री तिने त्यावर तिच्या बाबांचं डोकं खाल्लं. म्हणजे शेवट लागला असणार.

तिसरा भाग, १९९७चा ‘कर्स’, गणपतीच्या सुट्टीत सुरू केला. चोवीस वर्षांनी दुसरी सीडी मिळाली असं म्हणा. गिल्बर्ट यात नाही म्हणून काही कट्टर लोक याला नाक मुरडतात. त्यांनी एकदा ते ढग बघावेत. हाताने रंगवलेली चित्रं अजून एका दिवसानेही जुनी वाटत नाहीत. गायब्रशला डॉमिनिक आर्माटोचा आवाज इथे पहिल्यांदा मिळाला आणि तेव्हापासून त्याचाच आहे. आणि मरी! मरी ही एक बोलकी कवटी. जगावर राज्य करायच्या गप्पा, आवाज राक्षसाचा, पण हात नाहीत, पाय नाहीत, कोणी उचलून ठेवेल तिथे राहायचं. भाचीच्या मते हाच मालिकेतला एकमेव समजूतदार माणूस.

बँजोच्या द्वंद्वाला मी ‘जुगलबंदी’ म्हणालो तर आई पुन्हा सोफ्यावर येऊन बसली. पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते पुढे आहे. जहाजावर खलाशी कामाला हात लावत नाहीत, गाणं म्हणत बसतात. गायब्रश काहीही बोलला की ते त्याला यमक जुळवून पुढचं कडवं गातात. गाणं थांबवायचं तर यमक नसलेला शब्द हवा, आणि इंग्रजीत तो आहे ‘ऑरेंज’. सगळे गप्प. कोणीतरी दाराच्या बिजागरीचा शब्द ओढूनताणून जुळवायला बघतो, जमत नाही, गाणं संपतं.

मी भाचीला सांगितलं, “संत्रं म्हटल्यावर त्यांना यमकच सुचेना.”

“का? मंत्र, तंत्र, यंत्र…”

“षड्यंत्र,” आई म्हणाली.

मी म्हणालो, “स्वातंत्र्य,” आणि दोघींनी ते बाद केलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठीत ते जहाज कधीच हललं नसतं, खलाशी आजही गात बसले असते. इथे भाषांतर पार आपटलं आणि तरीही ती संध्याकाळ आठ महिन्यांतली सगळ्यात मजेची ठरली. मग मराठीत कुठल्या शब्दाला यमक नाही, यावर जेवणं होईपर्यंत चर्चा झाली. पान्याच्या कोड्याने आम्हाला दाराबाहेर उभं केलं होतं. संत्र्याच्या कोड्याची चावी मराठीत सांगता आली, कारण ‘यमक नसलेला शब्द शोध’ हे कुठल्याही भाषेत कळतं. दोन्ही इंग्रजी शब्दांचेच खेळ, पण एक कोडं आधी नियम शिकवतं आणि मग उत्तर मागतं, दुसरं थेट उत्तरच मागतं. (तिसऱ्याचा शेवट घाईत उरकलाय, हे मान्य. पैसे संपले की काय, असं वाटतं.)

चौथ्याबद्दल फार लिहीत नाही. २०००चा ‘एस्केप’, सगळं त्रिमितीत, माउस गेला आणि बाणांच्या कळांनी गायब्रशला रिक्षासारखं वळवायचं. शेवटी शेवटी ‘मंकी कॉम्बॅट’ येतं: माकडांचे पाच पवित्रे, कोणता कोणाला हरवतो आणि एकातून दुसऱ्यात जायला कुठले आवाज काढायचे हे दर खेळाला बदलतं, म्हणजे आयतं उत्तरही कुठे सापडत नाही. भाचीने वहीच्या पानावर तक्ता करून फ्रिजवर लावला. “ऊप ईक चीक” असलं काहीतरी. कामवाल्या मावशींनी विचारलं, हा कुठला मंत्र? तो तक्ता करताना ती खूश होती, मी नव्हतो. सर्वांत वाईट भाग हाच, यावर माझं आणि रूममेटचं एकमत आहे. भाचीचं नाही.

पाचवा, टेलटेल या कंपनीचा ‘टेल्स’, २००९मध्ये पाच तुकड्यांत आला. चित्रं आज खडबडीत दिसतात, पहिल्या दोन तुकड्यांत जंगलात त्याच त्याच फेऱ्या आहेत. पण चौथ्या तुकड्याच्या शेवटी असं काही घडतं की त्या रात्री पाचवा सुरू केल्याशिवाय झोपणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाचीची शाळा होती. बहिणीचा फोन आला.

सहावा, ‘रिटर्न’, सप्टेंबर २०२२चा. गिल्बर्ट आणि ग्रॉसमन परत आले. चित्रशैली जाहीर झाली तेव्हा चाहत्यांनी गिल्बर्टला इतका त्रास दिला की त्याने आपल्या ब्लॉगवर प्रतिक्रिया घेणंच बंद केलं. मला ती शैली आठवड्याभरात आवडायला लागली. अडलात तर गेममध्येच एक सूचनापुस्तक आहे. ते आधी फक्त इशारा देतं, आणखी विचारलं तर जरा जास्त, एकदम उत्तर सांगत नाही. दुसऱ्या भागात हे असतं तर, असं दोघेही एकदमच म्हणालो. फक्त भाचीला त्या पुस्तकाची चटक लागली आणि शेवटच्या टप्प्यात आम्ही कोडी सोडवत नव्हतो, पुस्तक वाचत होतो. ते मी कपाटात ठेवू शकत नव्हतो, एवढीच अडचण.

दुसऱ्या भागाच्या शेवटाला यात उत्तर आहे का? आहे आणि नाही. सांगणार नाही. पण आधी दुसरा खेळलेला नसेल तर सहावा घेऊ नका, पैसे वाया जातील.

तेव्हा माझा क्रम: पहिला, तिसरा, सहावा, दुसरा, पाचवा, चौथा. भाचीचा: तिसरा, चौथा आणि मग बाकीचे. रूममेटचा तुम्हाला माहीत आहेच, त्याने माझा क्रम वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, “तो जहाज विकणारा होता तोच बरा.” म्हणजे जुन्या जहाजांचा व्यापारी स्टॅन. त्याच्या कोटावरच्या चौकटी तो कितीही हातवारे करो, जागच्या हलत नाहीत. एवढं बारीक तिने बघितलं होतं, मेथी निवडता निवडता.

नवीन घेणाऱ्याने पहिल्यापासून सुरू करावं आणि शेजारी कोणीतरी बसवावं. लॅपटॉप सध्या भाचीकडे आहे. तिसरा भाग ती अवघड मोडमध्ये पुन्हा खेळतेय, आणि काल तिने मेसेज केला की ‘चिंच’ला यमक आहे का बघ.