कमी भाड्याची बससेवा: आधी वेळेची माहिती द्यावी की तिकिटाची सोय करावी?

बस मोजक्याच आहेत, भाडे वाढवता येत नाही आणि सुधारणेसाठीची रक्कम एकाच मोठ्या कामाला पुरेल इतकी आहे, अशा स्थितीत बससेवा चालवणाऱ्यांपुढे सहसा चार प्रस्ताव येतात. बस आत्ता कुठे आहे हे प्रवाशाला कळवणारी यंत्रणा, रोकडीऐवजी कार्डाने किंवा मोबाइलवरून तिकीट, मागणीनुसार बदलणारे भाडे आणि बोलावल्यावर येणारी लहान बस हे ते प्रस्ताव होत. या चारही कल्पना जगात कुठे ना कुठे प्रत्यक्ष वापरून झाल्या आहेत, त्यामुळे केवळ विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून निवड करण्याचे कारण नाही.

खरी चुरस पहिल्या दोन प्रस्तावांत आहे आणि तिचा विचार थांब्यावरून सुरू करावा लागतो. दर २० मिनिटांनी बस असेल आणि ती त्याच अंतराने येत असेल, तर केव्हाही थांब्यावर पोहोचलेल्या प्रवाशाला सरासरी १० मिनिटे थांबावे लागते. पण एखाद्या बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यांवर तिच्यासाठी अधिक माणसे साठतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, आणि मागची बस जवळजवळ रिकामी धावत तिला येऊन गाठते. मग दोन बस जोडीने येतात, दोन जोड्यांमध्ये ४० मिनिटांची पोकळी पडते आणि सरासरी प्रतीक्षा २० मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, इंधन तेवढेच, पगारही तेवढेच; प्रवाशाचा खोळंबा मात्र दुप्पट होतो, आणि त्यातही बहुतेकांच्या वाट्याला पहिली, खच्चून भरलेली बसच येते.

अशा थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे जरा निरखून पाहावे. लांबवर दिवे दिसले की तो पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला येतो, मान पुढे काढून पाटी वाचतो आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहतो. समोरच औषधाचे दुकान असते, पण तेवढ्यात बस निघून जाईल या धास्तीने तो रस्ता ओलांडत नाही. बस १८ मिनिटांनी येणार हे त्याला आधी कळले, तर बस लवकर येत नाही हे खरे, पण ती १८ मिनिटे त्याची स्वतःची होतात. कमी भाड्याच्या प्रवाशाला मऊ आसनापेक्षा ही निश्चिती अधिक हवी असते, असे माझे ठाम मत आहे.

या कामाचा खर्चही वाटतो तेवढा नसतो. बसमध्ये जीपीएस असलेले साधे उपकरण सुरुवातीला पुरते. स्वतःचे ॲप काढण्याची घाई करू नये. अमेरिकेतील पोर्टलँड शहराच्या बससेवेने २००५ मध्ये गूगलच्या साहाय्याने आपले वेळापत्रक नकाशावरील प्रवास-नियोजनासाठी खुले केले. त्यातून जीटीएफएस हा माहितीचा सामायिक साचा रूढ झाला. वेळापत्रक आणि बसची थेट स्थिती या पद्धतीने प्रसिद्ध केली की प्रवाशांच्या हाती आधीपासून असलेली ॲप ती दाखवू शकतात. साधा फोन असलेल्यांसाठी प्रत्येक थांब्याला क्रमांक देऊन एसएमएसची सोय ठेवावी. धोका एकच, पण मोठा आहे. रद्द झालेली फेरी ‘५ मिनिटांत’ अशी दिसत राहिली, तर प्रवासी पुन्हा त्या माहितीवर विश्वास ठेवत नाही. म्हणून फेरी रद्द होताच ती यंत्रणेतून काढणारा जबाबदार माणूस आगारात हवाच. तोच माणूस त्याच माहितीच्या आधारे वेळेच्या पुढे धावणारी मागची बस मिनिटभर थांबवून जोड्या फोडूही शकतो.

तिकिटाच्या बाजूने बोलायचे तर तेथे वाचणारा वेळ मोजता येतो. एका मोठ्या थांब्यावर ४० जण चढतात आणि प्रत्येकाला पैसे देण्यात ६ सेकंद लागतात असे धरले, तर बस ४ मिनिटे उभी राहते. कार्ड टेकवायला २ सेकंद धरले तर ८० सेकंदांत काम होते. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारून भाडे बसबाहेरच घेण्याची व्यवस्था केली, ती याच हिशेबाने. लंडनच्या बसमध्ये २०१२ च्या अखेरीस बँकेची संपर्करहित कार्डे चालू लागली आणि जुलै २०१४ पासून रोकड बंद झाली. मात्र आधी पैसे भरून वापरायच्या प्रवास-कार्डात शिल्लक अपुरी असलेल्या प्रवाशाला आणखी एक फेरी करू देण्याची सवलत तेथे ठेवण्यात आली. ही सवलत मला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते, कारण रोकड बंद केल्याचा पहिला फटका बँक खाते नसलेल्यालाच बसतो. शिवाय जेथे वाहक धावत्या बसमध्ये तिकिटे देतो, तेथे चढण्याचा वेळ फारसा वाचत नाही. लाभ होतो तो हिशेबाचा.

बदलते भाडे लांब पल्ल्याला शोभते. ब्रिटनमध्ये मेगाबसने २००३ मध्ये आगाऊ आरक्षणावर एका पौंडापासून तिकिटे विकली. २०१३ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या फ्लिक्सबसने तिकीटविक्री आणि भाडेनिश्चिती स्वतःकडे ठेवून बस भागीदार व्यावसायिकांच्या चालवल्या. रोजच्या कामाच्या प्रवासात मात्र ही पद्धत आणू नये, कारण हातात पैसे उशिरा येणाऱ्यालाच त्यात सर्वांत महाग तिकीट मिळते. बोलावल्यावर येणाऱ्या बसचा फिनलंडमधील हेलसिंकी शहरातील १५ लहान गाड्यांचा कुट्सुप्लस हा प्रयोग खर्च न परवडल्याने २०१५ च्या अखेरीस थांबला. रात्रीच्या विरळ फेऱ्यांपलीकडे लहान संस्थेने त्याच्या वाटेला जाऊ नये.

तेव्हा दोन बसमधील अंतर १५ मिनिटांहून जास्त असेल किंवा तिकीट वाहक देत असेल, तर आधी वेळेच्या माहितीवर खर्च करावा. बस दर ५-७ मिनिटांनी असून चालकच पैसे घेत असेल, तर आधी तिकीट बदलावे. आपला मार्ग कोणत्या प्रकारात बसतो हे ठरवण्यासाठी प्रत्येक बसमध्ये दोन आठवडे एक फोन ठेवून ती कोणत्या थांब्यावर केव्हा पोहोचली आणि किती वेळ उभी राहिली याची नोंद घ्यावी. पुढे कोणतीही यंत्रणा घेतली, तरी अशा सर्व नोंदींची मालकी विक्रेत्याकडे न जाता संस्थेकडेच राहील, हे करारात लिहून घ्यावे.