गंजलेला स्टॅन्ली रंधा: करंट लावायचा की भिजत घालायचा?

मागच्या आठवड्यात एका मित्राने टॅग सेलमधून (लोक घरातलं जुनं सामान विकायला मांडतात तो सेल) चार रंधे, एक डिस्टनची करवत आणि मिलर्स फॉल्सचं हातड्रिल असं सगळं मिळून ४० डॉलरला उचललं, आणि रात्री फोटो पाठवून विचारलं की गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस (सोड्याच्या पाण्यात करंट सोडतात ते) करू का ते तयार द्रावण आणून त्यात बुडवून ठेवू. मी दोन्ही केलंय, पहिली चार वर्षं फक्त इलेक्ट्रोलिसिस आणि आता जवळपास फक्त भिजवणं, त्यामुळे त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सावकाश लिहून काढतोय. गंज दोन्हींनी जातो, पण गंजाबरोबर अजून काय काय जातं ते आधी बघून घ्यावं असं मला वाटतं.

व्हिनेगर आणि लिंबूसत्व मी यात घेत नाहीये. देवाची पितळी भांडी चिंचेने उजळतात तसला तो प्रकार, नट-बोल्टला चालतो, पण आम्ल गंज संपला म्हणून थांबत नाही, खालचं लोखंडही खायला लागतं, आणि बिडाच्या रंध्यावर एक मळकट राखाडी छटा येते जी मला तरी नंतर घासून घालवता आलेली नाही.

इलेक्ट्रोलिसिसचं मला आजही कौतुक आहे, हे आधी सांगतो. प्लास्टिकची बादली, गॅलनला साधारण चमचाभर धुण्याचा सोडा (खायचा नाही, लाँड्रीच्या सामानात मिळतो तो), चारी बाजूंनी सळईचे तुकडे आणि गाडीच्या बॅटरीचा जुना चार्जर, एवढ्यावर काम होतं. खर्च जवळजवळ शून्य, आणि पाणी वर्षानुवर्षं चालतं. काळा चिमटा हत्याराला आणि लाल सळईला, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, कारण उलटं लावलं तर सळई शाबूत राहते आणि रंधाच झिजायला लागतो. सळईऐवजी स्टेनलेसचा चमचा वगैरे अजिबात टाकायचा नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. शिवाय हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर. हल्लीचे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुना हाताने चालू-बंद करायचा चार्जर शोधावा लागतो, मला तो टॅग सेललाच ५ डॉलरला मिळाला होता. पहिल्यांदा बुडबुडे सुरू होतात, वर तपकिरी फेस जमायला लागतो आणि तीन-चार तासांनी पाण्यातून जे बाहेर येतं त्यावरची काळी पावडर नुसत्या ब्रशने पुसली जाते, तो आनंद मी विसरलेलो नाही.

त्याचे छोटे त्रास सगळ्यांना माहीत आहेत. सळईच्या समोर जी बाजू असेल तीच साफ होते, आडोशाला असलेला गंज तसाच राहतो, म्हणून दर तासाला जाऊन वस्तू फिरवायची, सळया घासायच्या, चिमटा परत लावायचा. चिमट्याला उघडं लोखंड लागतं, म्हणजे कुठेतरी एक जागा आधी खरवडून घ्यावी लागते. हे सगळं मी चार वर्षं हसत केलं, त्यासाठी पद्धत बदलली नसती.

बदलली ती स्टॅन्लीच्या एका नंबर ४ रंध्यामुळे (नंबर म्हणजे रंध्याचं माप). मी कनेक्टिकटमध्ये राहतो, न्यू ब्रिटन इथून अर्ध्या तासावर, आणि हे रंधे तिथेच बनायचे. रंध्यांचा संशोधक लेनर्ड बेली याची पेटंटं स्टॅन्लीने १८६९ मध्ये घेतली आणि आपण आज ज्याला लोखंडी रंधा म्हणतो त्याचा साचा तिथून पुढे घडत गेला. तर मला जवळच्याच गावात एका इस्टेट सेलमध्ये टाइप ११ मिळाला, म्हणजे १९१० ते १९१८ च्या दरम्यानचा, पुढची मूठ बुटकी, आणि फ्रॉगच्या (पातं ज्यावर टेकतं तो तुकडा) मागे बिडातच ओतलेल्या तीन पेटंटच्या तारखा: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. तळावर आणि बाजूंवर भरपूर गंज होता, पण आतलं काळं जपॅनिंग (लोखंडावरचा डांबरी, चकचकीत थर) माझ्या अंदाजाने नव्वद टक्के शाबूत, तारखांच्या भोवती तर डांबर नुकतं वाळल्यासारखं चकचकीत. मी नेहमीसारखं सगळं सुटं केलं, चिमटा लावला आणि पाणी फेसाळायला लागल्यावर घरात जेवायला गेलो. परत आलो तेव्हा तपकिरी फेसावर काळे पापुद्रे तरंगत होते, नखाएवढे, कागदासारखे पातळ. आधी मला वाटलं जुनं ग्रीस असेल. एक पापुद्रा बोटावर घेऊन उन्हात धरला तर त्याला एका बाजूने चमक होती आणि दुसऱ्या बाजूला बिडाचे बारीक बारीक दाणे उमटलेले होते. रंधा वर काढला तेव्हा तारखा तशाच होत्या, पण १९१० च्या भोवतीचं काळं गेलेलं आणि खाली उघडं राखाडी बीड.

शंभर वर्षं टिकलेला तो थर एका जेवणाच्या वेळेत गेला, आणि तो परत आणता येत नाही. रंग मारता येतो, पण संग्राहक रंधा हातात घेतल्या घेतल्या फ्रॉगखालीच बघतात, नवीन रंग त्यांना लगेच कळतो आणि किंमत पडते. मी रंग मारलेला नाही, तो रंधा तसाच ठेवलाय. आता सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणणार नाही. त्याआधी मी दहा-बारा रंधे याच पद्धतीने काढले होते आणि बऱ्याच जणांचं जपॅनिंग टिकलं होतं, बहुधा यात गंज आधीच थराखाली शिरला असेल आणि करंटने तो वर ढकलला असेल. करंट कमी ठेवला असता तर कदाचित वाचलंही असतं. पण कुठला टिकेल आणि कुठला सोलून निघेल हे आधी कळायला मला तरी काही मार्ग सापडला नाही, आणि चांगला रंधा पाण्यात सोडताना पोटात जो गोळा येतो तो मला परत नको होता.

भिजवायचं द्रावण म्हणजे इव्हापो-रस्ट आणि त्या जातीची बाकीची. त्यात आम्ल नसतं, ते फक्त गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढतं, चांगल्या धातूला आणि घट्ट बसलेल्या जपॅनिंगला सहसा हात लावत नाही. आतापर्यंत मी वीसेक रंधे यातून काढले असतील आणि जिथे जपॅनिंग आधीच सुटं होतं तेवढंच निघालं. करंटसारखी आडोशाची अडचण नाही, द्रावण जिथे पोचेल तिथला गंज जातो, त्यामुळे मिलर्स फॉल्सच्या हातड्रिलसारख्या वस्तूला हे फारच सोयीचं, दातांच्या खाचांतही शिरतं आणि चाकावरचा लाल रंगही माझ्याकडे राहिला.

याचेही त्रास आहेत आणि ते खरे आहेत. गॅलनला २५-३० डॉलर जातात, आणि नंबर ७ सारखा २२ इंची रंधा आडवा बुडवायचा तर एका गॅलनमध्ये भागत नाही. मी वॉलपेपर भिजवायचा लांबट ट्रे वापरतो, त्यात कमी द्रावणात काम होतं, करवतीचं पातंही बसतं. थंडीत गॅरेजमध्ये ते जवळपास कामच करत नाही, जानेवारीत दोन दिवस ठेवून काही झालं नाही म्हणून बादली घरात आणली तर रात्रीत झालं. आधी तेल-ग्रीस नीट धुवावं लागतं, नाहीतर तेवढे डाग राहतात. आणि वस्तू पूर्ण बुडलीच पाहिजे. एका पटाशीचं टोक मी वर राहू दिलं होतं, तर द्रावणाच्या पातळीवर एक बारीक रेघ कोरली गेली, ती बोटाला अजून लागते. तळाखाली हवेचा बुडबुडा अडकला तरी गोल ठिपका राहतो, म्हणून रंधा तळ वर करून ठेवतो. पात्यासारख्या कडक पोलादावर गडद राखाडी थर येतो, तो बऱ्यापैकी पुसला जातो पण पूर्ण नाही. मला तो वाईट वाटत नाही, पण चांदीसारखं लखलखीत हवं असेल त्यांना खटकेल.

पण हे सगळे त्रास मला आधी माहीत असतात आणि काळजी घेतली की टळतात, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

डिस्टनच्या करवतीबद्दल दोन शब्द. पात्यावर फिलाडेल्फियाच्या कारखान्याचा कोरलेला शिक्का असतो, अगदी उथळ, आणि तो करंटने जाण्यापेक्षा सँडपेपरने जाण्याची भीती जास्त. कुठलीही पद्धत घ्या, पण शिक्क्याच्या जागी लाकडी ठोकळ्याला बारीक पेपर लावून अगदी हलक्या हातानेच घासा, कडांवर जोर दिला तर चालतो, मधे नाही. रंध्याच्या पात्यावरचा हृदयाच्या आकारातला एस डब्ल्यू, जो कंपनीचे अध्यक्ष राहिलेल्या विल्यम हार्टच्या आठवणीसाठी होता आणि १९२० च्या दशकात असायचा, तो खोलवर ठोकलेला असतो, त्याची एवढी काळजी नाही.

मुठी आधी काढून ठेवायच्या, दोन्ही पद्धतींत. जुन्या स्टॅन्लीच्या मुठी ब्राझीलच्या रोझवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवाच्याच कुळातल्या, त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. स्क्रू डबीत नावं लिहून ठेवा, कारण स्टॅन्लीच्या बऱ्याच स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत.

मांडून ठेवायचं असेल तर हा निर्णय अजूनच महत्त्वाचा ठरतो, हे मला उशिरा कळलं. पेनसिल्वेनियात डॉयल्सटाउनला मर्सर म्युझियम आहे, १९१६ मध्ये बांधून झालेली काँक्रीटची उंच इमारत, हेन्री मर्सरने जमवलेली कारागिरांची हत्यारं त्यात आहेत आणि मधल्या चौकात होड्या, गाड्या थेट वरून टांगलेल्या. मी तिथे एक अख्खा दिवस काढला. तिथली हत्यारं वापरलेली दिसतात, मुठींवर घामाची काळी झिलई आणि लोखंडावर जुनी छटा. घरी आलो आणि भिंतीवरचे माझे करंटमधून काढलेले पहिले रंधे बघितले, ते एकसारखे फिकट राखाडी, आणि शेजारचा भिजवलेला नंबर ५, गडद, जपॅनिंगची चमक असलेला. नजर त्याच्यावरच जाते. पाहुणे येतात तेव्हा तोच उचलून बघतात. टांगण्यासाठी आधीच्या कोणीतरी त्याला भोक पाडलेलं आहे, किंमत त्यामुळे कमी झाली, पण भिंतीवर दिसायला तोच उजवा.

साफ केल्यावर लगेच वाळवा, मी हेअर ड्रायर वापरतो, नाहीतर तासाभरात नारिंगी झाक येते, आणि त्यावर पेस्ट वॅक्स. तेलावर धूळ बसते, उघड्या शेल्फला मेणच बरं. ओकच्या बंद कपाटात शक्यतो ठेवू नका, त्या लाकडातून आम्लाची वाफ येत राहते. बेसमेंटमध्ये उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर लावलाच पाहिजे, नाहीतर ही सगळी मेहनत सप्टेंबरपर्यंत परत करायला लागेल.

मित्राच्या चार रंध्यांपैकी तिघांचं जपॅनिंग फोटोत चांगलं दिसतंय, ते त्याला भिजवायला सांगितले. चौथ्याचं आधीच पूर्ण उडालंय आणि तळ गंजाने नुसता सोलपटलाय, त्याला इलेक्ट्रोलिसिस करायला काही हरकत नाही, तिथे जाण्यासारखं काही उरलेलंच नाही. चार्जर माझ्याकडे दोन वर्षं शेल्फवर पडून आहे, शनिवारी येऊन घेऊन जा आणि परत द्यायची घाई करू नकोस असं त्याला सांगितलंय.