घरविमा: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गृहकर्ज देताना बँकेने घरविम्याची अट घातली, म्हणून मी ही पॉलिसी घेतली. बँकेला रस होता तो केवळ बांधकामात, कारण घरातले सामान तारण नसते. घरातल्या सामानाचा विमा वेगळा मागून घ्यावा लागला आणि त्यातही दागिन्यांना निराळी मर्यादा होती.

माझी पहिली चूक विमा रकमेची. मी घराचा बाजारभाव लिहून दिला होता. त्या भावात जमिनीची किंमतही असते. विमा मात्र तेच बांधकाम आजच्या दराने पुन्हा उभारण्याच्या खर्चाचा उतरवायचा असतो. रक्कम जास्त लिहिली तर जादा हप्ता वाया जातो, पण कमी लिहिणे अधिक घातक. पुनर्बांधणीला १०० लागणार असताना ६० चाच विमा असेल आणि करारात सरासरीचे कलम, म्हणजे विमा जितका कमी तितक्या प्रमाणात भरपाई कमी करणारी अट, असेल, तर २० च्या नुकसानीवर १२ च हाती पडतात.

नवव्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीतला पाइप रात्री फुटला. नुकसान तपासायला विमा कंपनीकडून आलेल्या सर्व्हेअरने ओट्याखालच्या कपाटाची मागची फळी काढायला लावली. फळीला काळी बुरशी होती आणि भिंतीला बोटभर उंचीपर्यंत पांढरा लोणा लागलेला होता. ‘ही ओल एका रात्रीची नाही,’ असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. अचानक फुटलेल्या पाइपमुळे झालेले नुकसान मंजूर झाले. हळूहळू झिरपलेल्या पाण्याने खराब झालेली भिंत नामंजूर झाली. मंजूर रकमेतूनही कपाटांचा घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, आणि स्वतः सोसायचा ठरलेला वाटा वजा झाला. निर्णय करारातील शब्दांना धरून होता, हे मला मान्य आहे. परंतु ‘पाण्याचे सगळे नुकसान मिळते’ असे विक्रीच्या वेळी सांगणाऱ्या एजंटने वगळलेल्या बाबींचे पान उघडूनही दाखवले नव्हते, याचे वाईट वाटते. पूर आणि भूकंप आपल्या पॉलिसीत आहेत की वेगळे घ्यावे लागतात, तेही त्याच पानावर कळते.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी मी सामानासाठी घसारा न कापणारे संरक्षण घेतले आणि त्याचा वाढीव हप्ता आटोक्यात राहावा म्हणून स्वतःचा वाटा वाढवला. घर किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते, तेही लेखी विचारून घेतले. प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि खरेदीची बिले आता घराबाहेर जपून ठेवली आहेत. ओट्याखालची फळी स्क्रूवर बसवून घेतली असून, दर महिन्याला ती काढून मी भिंतीला हात लावून पाहतो.