झेफरचं डॉक्युमेंटेशन: चूक सापडली तर पुढे काय?

आमच्या धंद्यात लोक बोर्डाचा रिव्ह्यू लिहितात, डिबगरचा लिहितात. डॉक्युमेंटेशनचा कोणी लिहीत नाही, आणि दिवसातला अर्धा वेळ आम्ही त्यातच डोकं घालून बसलेलो असतो. म्हणून झेफर या आरटीओएसच्या (छोट्या उपकरणांत कामं ठरल्या वेळेत करवून घेणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) डॉक्युमेंटेशनचा हा रिव्ह्यू, तोही एकाच बाजूने: चूक दिसली तर ती दुरुस्त होते का, आणि करायला किती घाम गाळावा लागतो. 5 पैकी 4 तारे देतेय.

हीच बाजू का, ते आधी सांगते. फ्रीआरटीओएस या दुसऱ्या आरटीओएसमध्ये टास्क (एक स्वतंत्र काम) बनवताना स्टॅकचा (त्या कामाच्या तात्पुरत्या मेमरीचा) आकार वर्ड्समध्ये द्यायचा असतो, 32 बिटला एक वर्ड म्हणजे 4 बाइट्स. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी32 चिपच्या टूलकिटमधल्या फ्रीआरटीओएसमध्ये तोच आकडा बाइट्समध्ये. 32 बिटच्या कोअरवर 512 लिहिलं, तर एकीकडे 2048 बाइट्स मिळतात आणि दुसरीकडे 512च. दोघांनी हे साफ लिहून ठेवलंय, त्यामुळे त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एका चिपवाल्यांच्या (नाव राहू दे) मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं वर्ड्स, आणि त्यांचं फंक्शन घेत होतं बाइट्स. आम्ही भोसरीत दुधाच्या बल्क कूलरचे कंट्रोलर बनवतो. लॉग लिहिणाऱ्या टास्कला हवा त्याच्या पावपट स्टॅक मिळाला. एरवी सगळं गुण्यागोविंदाने चालायचं, पण तापमान दशांशात छापायची वेळ आली की स्टॅक शेजारच्या मेमरीवर चढायचा आणि थोड्या वेळाने भलत्याच टास्कमध्ये हार्ड फॉल्ट, म्हणजे प्रोसेसर कोलमडायचा. संकलन केंद्रावरचा माणूस फोनवर सांगणार, "मॅडम, मशीन आपोआप बंद-चालू होतंय." पान क्रमांकासकट कंपनीला कळवलं. आभाराचा मेल आला. पुढे मॅन्युअलची नवी आवृत्तीही आली, मुखपृष्ठ बदललेलं, वर्ड्स जागच्या जागी.

आता झेफर. हा प्रकल्प 2016 पासून लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली आहे, परवाना अपाची 2.0. माझ्या दृष्टीने त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवलंय. साध्या मजकुराच्या फायली, त्यावरून स्फिंक्स पानं बांधतो, आणि फंक्शनांची माहिती हेडर फायलींतल्या कॉमेंट्समधून डॉक्सिजन उचलतो. पानाच्या वरच ती फाईल गिटहबवर (हा साठा जिथे आहे त्या साइटवर) उघडायची लिंक असते. म्हणजे चूक वाचली त्या ठिकाणापासून चूक लिहिली त्या ओळीपर्यंत एका क्लिकचं अंतर.

आमच्या ट्रेनी मुलीला मी मुद्दाम इथूनच सुरुवात करायला लावली. तिची पहिली दुरुस्ती स्पेलिंगची होती, 'रिसीव्ह'मधले ई आणि आय उलटे पडलेले. पाच मिनिटांचं काम, असं तिला वाटलं. गिटहबवरच्या आपोआप होणाऱ्या तपासणीने लगेच लाल फुली मारली: कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) शीर्षकाखाली मजकूर नाही. झेफरमध्ये कितीही किरकोळ बदल असला तरी कमिटला शीर्षकही लागतं आणि खाली वर्णनही. दोन अक्षरांच्या अदलाबदलीचं वर्णन काय करणार? "स्पेलिंग सुधारलं" हेच शब्द फिरवून पुन्हा लिहायचे. मग साइन-ऑफची ओळ, म्हणजे हा बदल द्यायचा हक्क मला आहे अशी सही. त्यातलं नाव आणि ईमेल कमिट करणाऱ्याशी जुळायला हवेत, आणि हिच्या गिटमध्ये कॉलेजातलं टोपणनाव बसलेलं. हे सगळं सरकारी कचेरीसारखं वाटतं खरं, पण इथला कारकून यंत्र असल्यामुळे तो जेवायला जात नाही, आणि नेमकं काय चुकलं ते ओळीसकट सांगतो. बदल टाकल्यावर त्या बदलासह बांधलेली पानं तात्पुरत्या पत्त्यावर बघायलाही मिळतात, तेव्हा टेबल मोडलं की काय हे लगेच कळतं. नियमाने दोन जणांची मंजुरी लागते. तिची दुरुस्ती आत गेली तेव्हा आम्ही वडापाव मागवले.

पानं आपल्या मशीनवर बांधून बघायची असतील तर 'मेक एचटीएमएल-फास्ट' वापरा. केकॉन्फिगची (बांधणीच्या पर्यायांची) माहिती आणि डिव्हाइसट्री बाइंडिंगची (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं याची) ढीगभर पानं त्यात वगळली जातात. पूर्ण बांधणीला बसलात तर चहा करून, पिऊन, कप विसळून होतो.

स्पेलिंग सोडा, खऱ्या चुका उदाहरणाच्या कोडमध्ये लपतात. 'सॅम्पल्स' फोल्डरमधला कोड ट्विस्टर हे झेफरचं चाचणीचं साधन नेमाने कंपाइल करून बघतं, तो मोडला की बोंब होते. पण पानाच्या मजकुरात थेट टाइप केलेला तुकडा हा नुसता मजकूर, तो कोणी कंपाइल करत नाही. 2020 च्या 2.3 आवृत्तीत टाइमआउटचा प्रकारच बदलला. पूर्वी स्लीपला नुसता आकडा चालायचा, आता के-एमसेकमध्ये (हे मिलिसेकंद आहेत असं सांगणाऱ्या मॅक्रोमध्ये) गुंडाळून द्यावा लागतो. असे बदल झाले की सॅम्पल्स झक मारत सुधारावी लागतात, आणि मजकुरातला तुकडा मात्र कोणाच्या नजरेला पडेपर्यंत जुनाच राहू शकतो. दुरुस्ती करायची हौस असेल त्याने आधी हे तुकडे एकेक करून कंपाइल करावेत.

एक तारा कुठे कापला, तर दोन ठिकाणी मिळून. फंक्शनांच्या माहितीत 'इंटरप्टमधून (हार्डवेअरने मध्येच थांबवून करवलेल्या कामातून) बोलावलं तर चालेल', 'झोपू शकतं' असे गुणधर्म दिलेले असतात. फार उपयोगी. पण शीर्षकातच म्हटलंय की ही यादी अपूर्ण असू शकते! म्हणजे शिक्का असेल तर बोलवा, नसेल तर... बोलवू नका की कोणी शिक्का मारायचा राहिला? टास्कमध्ये ताळमेळ ठेवणाऱ्या सेमाफोरचं ठीक आहे, इंटरप्टमधून घ्यायचा तर वाट न बघता घ्या असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्यूटेक्सचंही (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचं) लिहिलंय, इंटरप्टमध्ये लॉक करायचा नाही. बाकी ठिकाणी सोर्स उघडून वाचायचा. रिअल-टाइमवाल्याला याहून महत्त्वाचा दुसरा प्रश्न नसतो, आणि उत्तराची जागा रिकामी.

दुसरं म्हणजे 'लेटेस्ट'. साइटवर गेलात की जी पानं उघडतात ती ताज्या रिलीजची नसतात, चालू कामाच्या मुख्य शाखेची असतात. वर पट्टीत तसं लिहिलंय, पण पट्टी कोण वाचतो? तुमच्या बोर्डावर 2024 ची 3.7 ही एलटीएस (दीर्घकाळ सांभाळली जाणारी) आवृत्ती असेल, तर आवृत्तीच्या यादीतून तीच निवडून वाचा. दुरुस्तीचंही तेच: ती मुख्य शाखेत जाते, 3.7 च्या पानावर आपोआप उतरत नाही. चूक नुसत्या व्याकरणाची असेल तर सोडून द्या. आकडा, एकक किंवा इंटरप्टबद्दलची असेल, तर 3.7 साठी बॅकपोर्टचं (दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही उतरवायचं) लेबल लावायची विनंती तिथल्या तिथेच करा.