सिंह कुणाच्या पैशावर जगवायचे: शिकाऱ्यांच्या की पर्यटकांच्या?

आफ्रिकेत सिंहांची ट्रॉफी शिकार, म्हणजे पैसे भरून मुंडकं-कातडं मिरवायला केलेली शिकार, चालू द्यावी का, यावर माझ्या भाचीचं मन ठरत नाहीये.

पैसा: शिकारी मोजकेच, पण एकेक जण भरपूर मोजतो आणि चावून रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माश्यांच्या, धड रस्ते नसलेल्या रानातही जातो. पर्यटक तिथे फिरकत नाहीत. गावकऱ्यांच्या हाती किती पडतं, हा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

सिंहांवर परिणाम: इथे शिकार सपशेल हरते. कळपाचा नर मेला की नवा नर येऊन त्याची पिल्लं मारतो. म्हणून टांझानियात सहा वर्षांखालचा नर मारायला मनाई आहे; तोवर त्याची पिल्लं मोठी झालेली असतील, हा हिशेब. पण लांबून वय ओळखणं कठीण.

भरवसा: २०२० मध्ये कोविडने पर्यटन ठप्प झालं, म्हणजे तो पैसाही भरवशाचा नाही.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यासारख्या, पर्यटक येतात अशा ठिकाणी पर्यटनच हवं. दुर्गम रानात मात्र, शिकार थांबताच शेती घुसणार असेल, तर दुसरा पैसा उभा राहीपर्यंत कडक वयमर्यादेसह ती सोसावी. मला हे मनापासून खुपतं, तरीही.